दुसरा शिक्का

१६ नोव्हेंबर २०२४, शनिवार. १३६/८८.

कंपनीच्या तपासणीत डॉक्टरांनी दटावलं, रोज सकाळी रक्तदाब घ्या आणि लिहून ठेवा. म्हणून ही वही. आकड्याखाली बरीच जागा उरते, ती रिकामी सोडणं जिवावर येतं.

आज बायकोला, अनघाला घेऊन सावाराला जायचं होतं. जपानमध्ये आम्ही राहतो त्या उरायासुहून दोन तासांवरचं जुनं गाव. मधून नदी, काठाला काळ्या लाकडाची दुकानं, होडीतून फेरी, जेवायला उनागि, म्हणजे ईल मासा. स्टेशनवरची जाहिरात बघून तिनेच ठरवलं होतं. सकाळी सात वाजता क्लायंटचा फोन आला. रिलीज अडकलं. "पुढे कधीतरी नक्की," म्हणालो. ती "बरं" म्हणाली. सुशील माझ्याच टीममध्ये आहे, पण त्याला कोणी बोलावत नाही. दुपारी त्याने हाकोनेच्या सहलीचे फोटो टाकले, नवराबायको दोघांच्या हातात भाजलेली कणसं. मला कणसं आवडतही नाहीत, तरी पोटात दुखलं.

२९ मार्च २०२५, शनिवार. १३८/९०.

सावारा पुन्हा रद्द. सर्व्हर बदलायचे होते. अनघाने पहाटे उठून दोघांचे डबे भरले होते. माझा मी ऑफिसात नेला. मुळ्याचे पराठे. फार चांगले झाले होते, तिला सांगायचं राहिलं.

७ जून २०२५, शनिवार. १३५/८८.

सावाराला आयरिसची फुलं असतात म्हणे या दिवसांत. जमलं नाही. संध्याकाळी घरी आलो तेव्हा अनघा गुणगुणत भांडी आवरत होती. रागावली नाही. बायको समजूतदार आहे, हे मी सुशीलला मुद्दाम सांगणार आहे.

११ ऑक्टोबर २०२५, शनिवार. १३४/८६.

सावाराचा उत्सव. उंच रथ निघतात, त्यांवर माणसापेक्षा मोठ्या बाहुल्या असतात. मी चार दिवस आधीच सांगून टाकलं होतं की यायचं अवघड आहे. ती म्हणाली, "हो, मी धरलंच नव्हतं." केवढं मोकळं वाटलं!

२८ फेब्रुवारी २०२६, शनिवार. १३६/८८.

पुण्याहून विनयचा फोन. माझा जुना बॉस. परत ये आणि पुण्याचं ऑफिस सांभाळ, असं तो दोन वर्षं म्हणतोय. पुन्हा नको म्हणालो. ईश्वरीची शाळा इथे रुळली आहे, चौदा वर्षांच्या मुलीला आता उपटून कुठे न्यायचं? आणि अनघा बेकरीत अर्धवेळ जाते, जपानी फडाफडा बोलते. अकरा वर्षांत मला मीटिंगपुरतीच येते.

आजही सावारा ठरलं होतं. क्लायंटने दुपारी बोलावलं.

९ मे २०२६, शनिवार. १४८/९४. संध्याकाळी पुन्हा घेतला, १५६/९८.

संध्याकाळी का चढला ते लिहितो.

अनघा बेकरीत होती. ईश्वरी शाळेच्या बँडच्या सरावाला. विम्याचं कार्ड शोधताना खणात एक छोटी जाड वही मिळाली. इथे स्टेशनांवर रबरी शिक्का आणि शाईची गादी ठेवलेली असते, गावाचं चित्र असलेला शिक्का लोक आपल्या वहीत मारून घेतात. पोराटोरांचा आणि रिटायर माणसांचा नाद. अनघाच्या वहीत पाच पानं भरली होती. पाचही सावाराची. होडी आणि फुलं.

सावारा! जिथे आम्ही कधीच गेलो नाही.

प्रत्येक पानावर तिच्या अक्षरात तारीख. मी ही माझी वही काढून ताडून पाहिलं. पाचही दिवस मी ऑफिसात होतो. पाचही! एकदाही अंदाज चुकलेला नाही. एवढी काटेकोर आखणी माझ्या टीमला जमत नाही.

आणि पहिल्या तीन पानांवर शिक्के दोन-दोन आहेत. शेजारी-शेजारी, नीट, एका रेषेत. एकटं माणूस दोन शिक्के कशाला मारेल? चौथ्या आणि पाचव्या पानावर एकेकच. याचाही अर्थ मी तासभर बसून लावला. आधी तीनदा बरोबर गेले, मग शहाणे झाले. स्टेशनवर एकत्र दिसायला नको.

वही होती तशी ठेवली. संध्याकाळी तिने विचारलं, "कार्ड मिळालं?" मी म्हणालो, "मिळालं." खरं तर कार्ड राहूनच गेलं.

१० मे, रविवार. १५२/९६.

ईश्वरीला सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई शनिवारी कुठे जाते गं?"

"बेत्सुनि," म्हणाली. म्हणजे कुठे काय, असंच. मग मोबाइलमधून मान वर न करता, "कधी कधी सावारा. मला सेनबेई आणते तिथून. बाबा, तुला माहीत नाही?"

तांदळाच्या बिस्किटांवर पोरगीही फितूर झाली. घरात मी सोडून सगळ्यांना सगळं माहीत आहे.

११ मे, सोमवार. १५०/९६.

विनयला फोन केला. हो म्हणालो. एक ऑक्टोबरपासून पुणे. तो इतका खूश झाला की कारण विचारायचंही विसरला. अनघाला अजून सांगितलं नाही. तिने सांगितलं होतं मला?

लिहिताना बरं वाटतंय. कसं जाईल आता सावाराला!

१६ मे, शनिवार. १४६/९४.

माणूस कोण, याचा विचार करून डोकं उठलं. एकच नाव पुढे येतं. बेकरीतला मोरिता-सान. हिवाळ्यात त्याने रताळी दिली होती, 'आमच्या सावाराकडची' म्हणून. आम्ही ती उपासाला खाल्ली.

आज पाव आणायच्या निमित्ताने बघून आलो. साठीचा गृहस्थ, चष्म्यावर पीठ उडालेलं. मी अनघाचा नवरा आहे कळल्यावर कमरेत वाकला आणि एक गोड पाव फुकट दिला. म्हणाला, तुम्ही फार कामात असता असं अनघा-सान नेहमी सांगतात. म्हणजे माझं वेळापत्रक त्याच्यापर्यंत पोचतं!

पाव उत्तम होता. सगळा खाल्ला आणि स्वतःचाच राग आला.

३० मे, शनिवार. १४५/९२.

मीच म्हणालो, "पुढच्या शनिवारी सावाराला जाऊ." मला तिचं तोंड बघायचं होतं. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "नक्की?" म्हणाली आणि कॅलेंडरवर लिहिलं. पेन्सिलने. ईश्वरीच्या परीक्षा ती पेनने लिहिते.

६ जून, शनिवार. सकाळी १४४/९२.

गेलो. परत येऊन जेवणाआधी लिहायला बसलोय. ओळीने लिहितो, नाहीतर गोंधळ होईल.

फोन रात्रीच बंद करून ठेवला होता. स्टेशनात शिरेपर्यंत अनघा माझ्या खिशाकडे बघत होती. चिबाला गाडी बदलली. नारिता गेल्यावर डबा रिकामा झाला आणि दोन्ही बाजूंना भातखाचरं लागली, नुकती लावणी झालेली. ती म्हणाली, "आता डावीकडे बघ, बगळे असतात." होते. मी बगळे मोजले नाहीत, ते तिला कसे ठाऊक याचाच हिशेब करत बसलो.

सावारा स्टेशन लाकडी, दारावर निळा कापडी पडदा. फाटकाजवळच्या टेबलावर शिक्का. ती न शोधता तिकडे वळली. पिशवीतून तीच वही काढली, माझ्यासमोर, काही लपवाछपवी नाही. शिक्का गादीवर दोनदा टेकवला, कागदावर दाबला, वर फुंकर घातली. एकच. मग शिक्का माझ्यापुढे धरून म्हणाली, "तुला मारायचाय?"

"कशावर?"

"तेही खरंच. समोरच्या दुकानात वह्या मिळतात."

घेतली एक. हिरव्या पुठ्ठ्याची. शिक्का वाकडा पडला, होडी बुडाल्यासारखी दिसते.

नदी म्हणजे मोठ्या कालव्याएवढी. काठाने विलोची झाडं पाण्यावर झुकलेली. दुकानं खरंच काळी, आतून सोया सॉसचा आणि भाजल्या माशाचा वास. ती रमतगमत चालत होती आणि मी प्रत्येक पुरुषाच्या तोंडाकडे बघत होतो. सायकलवरचा पोस्टमन, सेनबेई भाजणारा तरुण, कुत्र्याला फिरवणारा एक देखणा म्हातारा. देखण्या म्हाताऱ्याने मान लववली. अनघानेही लववली. मी विचारलं, "ओळखीचा?" ती म्हणाली, "कुत्रा ओळखीचा आहे."

एका पुलाजवळ तिने माझी बाही धरून थांबवलं. घड्याळ बघितलं. "अजून दोन मिनिटं." दोन मिनिटांनी पुलाच्या कडेतून धबाधबा पाणी नदीत पडायला लागलं. दर अर्ध्या तासाने सोडतात म्हणे. पोरं ओरडली. ती हसत होती, तोंडावर तुषार घेत. इतकं हसताना तिला मी कधी पाहिलं आठवेना. कोणाच्या शेजारी उभी राहून ती आधी अशी हसली असेल, हा एकच विचार मनात आला. पाणी पाच मिनिटांत थांबलं, माझा विचार थांबला नाही.

मग नकाशे काढणाऱ्या एका व्यापाऱ्याचं घर. दोनशे वर्षांपूर्वीचा. पन्नाशीपर्यंत त्याने धंदा सांभाळला, मग शिकायला गेला आणि पंचावन्नाव्या वर्षी अख्ख्या जपानचा किनारा पावलांनी मोजत चालत सुटला. अनघा सांगत होती, "त्याच्या घरच्यांना केवढं आश्चर्य वाटलं असेल ना! त्यांना वाटत होतं हा आता विश्रांती घेणार." हे सांगताना तिचे डोळे चमकत होते. मेलेल्या म्हाताऱ्याचाही मला हेवा वाटला. पहिल्यांदा कळलं की हे मला जरा जास्तच झालंय.

उनागिच्या दुकानाबाहेर रांगेच्या कागदावर तिने नाव लिहिलं. पाऊण तास. आत गेल्यावर ती सरळ खिडकीपाशी गेली आणि काउंटरच्या टोकाच्या एकट्या खुर्चीवर बसली. पिशवी खुंटीला लावली, चहाचा कप उजवीकडे सरकवला. मग एकदम उठली. "अरे हो," म्हणाली आणि आम्ही टेबलावर जाऊन बसलो. त्या खुर्चीशेजारी भिंत होती. दुसरं माणूस बसेल अशी जागाच नव्हती. हे माझ्या लक्षात आलं, पण मला ते पटवून घ्यायचं नव्हतं. पाच शनिवारांचा राग होता, तो टाकायचा कुठे?

मासा काळ्या लाखेच्या डब्यात, भातावर पसरलेला, वर गोडसर रस. जिभेवर विरघळत होता. तिने तिच्यातला शेपटीकडचा तुकडा मला दिला. "हा जास्त खमंग असतो." मी म्हणालो, "तुला बरं माहीत." ती म्हणाली, "हो, माहीत आहे," आणि शांतपणे जेवत राहिली.

नंतर रताळ्याचं जांभळं आइस्क्रीम, नंतर होडी. नावाड्याच्या डोक्यावर गवती टोपी, वय सत्तरीचं असेल. अनघाला बघून त्याने हात वर केला. मग मला बघितलं, पुन्हा तिला बघितलं आणि जपानीत म्हणाला, "आज दोघं?"

एवढं जपानी मला येतं.

तो आनंदाने म्हणाला होता. अनघा लाजली. लग्नाला सतरा वर्षं झालेली बायको नवऱ्याबरोबर होडीत चढताना लाजली. मी गुडघे पोटाशी घेऊन बसलो. विलोच्या फांद्या डोक्यावरून जात होत्या.

उतरल्यावर काठाच्या पायरीवर बसलो. मी म्हणालो, "मी तुझी वही पाहिली. मे महिन्यात."

"शिक्क्यांची? बरं, मग?"

"पहिल्या तीन पानांवर दोन शिक्के आहेत. दुसरा कोण होता?"

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तू," ती म्हणाली.

"मी?"

"तू येणार होतास ना? पहिल्या वेळी तू ऑफिसला गेलास, आणि मी तयार होऊन बसले होते. नेसूनसवरून घरात किती बसणार? म्हणून आले. रडले पण, तिकडे, त्या पुलापाशी. शिक्का मारताना वाटलं, याचाही मारून ठेवू, घरी गेल्यावर दाखवू. मग दाखवला नाही. दुसऱ्या वेळी परत मारला. तिसऱ्या वेळीही."

"आणि ऑक्टोबरात?"

ती पाण्याकडे बघत होती. "ऑक्टोबरात विसरले. मुद्दाम नाही रे. खूप मजा आली होती. परत जाताना गाडीत लक्षात आलं की तुझा मारला नाही. आणि मला काही वाटलं नाही, शैलेंद्र. त्याचंच वाईट वाटलं."

दुसरा कोणी असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. त्याच्या टकलाला नाहीतर पोटाला हसता आलं असतं. माझ्याशिवाय मजेत असलेल्या बायकोशी कसं भांडतात? बगळे, पूल, ती भिंतीकडची खुर्ची, त्या सगळ्यांवर मी जळतोय, अजूनही. ते सगळे पाच वेळा तिच्याबरोबर होते.

परतीच्या गाडीत तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. म्हणाली, "या वर्षी उत्सव नऊ, दहा, अकरा ऑक्टोबरला आहे. शनिवारी येशील?"

मी म्हणालो, "येईन."

विनयने तिकीट तीस सप्टेंबरचं धरलं आहे.

८ जून, सोमवार. १५०/९६.

विनयला म्हटलं, जरा थांबता येईल का? तो म्हणाला, कागद वर गेलेत, तुझ्या तिथल्या ऑफिसलाही कळवलंय, आता माझ्या तोंडाला काळं फासू नकोस. मी "बघतो" म्हणालो. बघतो काय? करून बसलोय.

१० जून, बुधवार. १५४/९८.

सांगितलं. अनघा सिंकपाशी बाटल्यांवरचे कागद सोलत होती. उद्या प्लास्टिकचा कचरा द्यायचा दिवस. ती सोलत राहिली.

"कधी हो म्हणालास?"

"अकरा मेला."

"आणि वही कधी पाहिलीस?"

"नऊ."

तिने बाटली दाबून चपटी केली, झाकण वेगळ्या डब्यात टाकलं. "म्हणजे मला विचारायच्या आधी शिक्षा देऊन मोकळा झालास," म्हणाली. "ईश्वरीलाही. तिने काय केलं होतं?"

मी म्हणालो, "चुकलं."

"हो," ती म्हणाली. एवढंच. मग पुढची बाटली घेतली. मी शेजारी उभा राहून सोलायला लागलो. माझा कागद फाटत होता, तिचा अख्खा निघत होता.

१३ जून, शनिवार.

सकाळी उठलो तर ती नव्हती. फ्रिजवर चिठ्ठी, 'सावाराला जाते. कुकर लावून घ्या.' मला आज काही काम नव्हतं. जाता आलं असतं. तिने बोलावलं नव्हतं. दिवसभर घड्याळ बघून ती आता कुठे असेल ते ठरवत होतो. आता बगळे. आता पूल. आता खुर्ची. ईश्वरी सरावाहून आली आणि म्हणाली, "बाबा, तू खिडकीत काय करतोस?" मी म्हणालो, बेत्सुनि. ती पहिल्यांदा माझ्या जपानीवर हसली नाही.

पाच वाजता अनघा आली. सेनबेई ईश्वरीपुढे ठेवले, मला रताळ्याचा केक. पिशवी टेबलावर रिकामी केली आणि आंघोळीला गेली.

टेबलावर दोन वह्या होत्या. एक तिची. ती मी उघडली नाही. दुसरी हिरव्या पुठ्ठ्याची, माझी. ती मी बुटांच्या कपाटावर ठेवली होती, तिने कधी उचलली कळलं नाही. उघडली. माझ्या बुडणाऱ्या होडीसमोरच्या पानावर नवा शिक्का होता, सरळ, स्वच्छ. खाली तिच्या अक्षरात तारीख. आजची नव्हे. १० ऑक्टोबर.

पेनने.

बाथरूममध्ये पाणी वाहत होतं. रक्तदाबाचं यंत्र काढलं आणि परत ठेवलं. मग विनयला लिहिलं की मी येत नाही, माझ्यामुळे तुझी शोभा होणार, मला माफ कर. त्याचं लगेच उत्तर आलं. 'कारण काय?'

मी लिहिलं, 'दहा ऑक्टोबरला मला बायकोबरोबर सावाराला जायचं आहे.'

मग कुकर लावला.